घरचं खाऊन भाजलेल्या भाकऱ्या

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची थट्टा करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. बँकेत कुणी अनोळखी आजोबांचा फॉर्म भरून दिला, कुणी उन्हाळ्यात गेटबाहेर पाण्याचा माठ ठेवला, की 'परोपकारी गोपाळ' ही पदवी तयारच असते. थट्टा चालते, ती कुणाला थांबवत नाही. हल्ली मात्र तिच्या जागी एक तत्त्वज्ञान येऊन बसलं आहे आणि शिकलेली माणसं ते मोठ्या आत्मविश्वासानं ऐकवतात. निरपेक्ष चांगुलपणा मुळात नसतोच, असला तर तो भोळेपणा असतो, आणि त्यापेक्षा रोख व्यवहार बरा, असं त्याचं सार. त्याला उत्तर द्यायला हवं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरतो, रक्तदानाचं. रविवारची सकाळ, शाळेचा हॉल. आधी वजन, मग बोटाला टोचून हिमोग्लोबिन, ते १२.५ च्या खाली असेल तर घरी परत. मग दंडाला पट्टा, मुठीत रबरी चेंडू, आणि खाटेशेजारी डुलणाऱ्या यंत्रावर हळूहळू फुगत जाणारी पिशवी. दहाएक मिनिटांत ३५० मिलिलिटर. त्यानंतर कॉफी आणि बिस्किटं. पिशवीवर रक्तगट असतो, क्रमांक असतो, देणाऱ्याचं नाव नसतं. ती कुणाला लागली हे त्याला कधी कळत नाही आणि ज्याला लागली तो आभार मानायला येत नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो. 'समाधान मिळतं ना? मग तोही मोबदलाच झाला.' ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण परक्याचं दुःख कमी झाल्याचं समाधान वाटायला त्या परक्याबद्दल आधी काहीतरी वाटावं लागतं. ज्याला काहीच वाटत नाही त्याला समाधान कुठून मिळणार? म्हणजे समाधान हे चांगुलपणाचं फळ आहे, ते त्याचं कारण असू शकत नाही. शिवाय रक्त देणारा आणि रक्त विकणारा या दोघांनाही 'स्वार्थी' म्हणायचं ठरवलं, तर त्या दोघांतला फरक सांगायला दुसरा शब्द शोधावा लागेल. फरक आहे तिथेच राहील, फक्त आपली भाषा गरीब होईल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. 'फुकट करणाऱ्याला लोक गृहीत धरतात.' यात तथ्य आहे, आणि ते सगळ्यात जास्त आपल्या घरांत आहे. पाहुण्यांच्या चहापासून सासऱ्यांच्या औषधांपर्यंत सगळं एकाच बाईनं हसतमुखानं करावं आणि वर तिला 'किती निरपेक्ष!' म्हणून मोठं करावं, हा आपला आवडता उद्योग. जिला 'नाही' म्हणायची सोयच नाही तिच्याकडून करवून घेतलेल्या कामाला वेठ म्हणतात. निरपेक्षता ही आपण आपल्याकडून मागायची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करायची नाही. एवढं मान्य करूनही आक्षेप पुढे सरकत नाही. गैरफायदा घेणारे आहेत म्हणून नकार द्यायला शिकावं, हा निष्कर्ष रास्त आहे. देणंच सोडून द्यावं, हा त्यातून निघत नाही.

तिसरा आक्षेप बाजाराचा. 'रक्त हवंय ना? पैसे द्या, रांगा लागतील.' हा प्रयोग होऊन गेला आहे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकानं १९७० साली इंग्लंड-वेल्समधली विनामूल्य रक्तदानाची व्यवस्था अमेरिकेतल्या रक्तविक्रीशी ताडून पाहिली आणि विकतचं रक्त रुग्णाला अधिक धोक्याचं ठरतं, त्यातून कावीळ पसरण्याची भीती जास्त असते, असं दाखवून दिलं. कारण सरळ आहे. ज्याला संध्याकाळी पैसे हवेत तो आपलं दुखणं लपवतो. ज्याला काहीच नको तो खरं सांगतो. चाचण्या असतात, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीतूनही निसटू शकतो, आणि तेव्हा दात्यानं दिलेलं खरं उत्तरच कामी येतं.

आपल्याकडेही पोटासाठी पुन्हा पुन्हा रक्त विकणारे धंदेवाईक रक्तदाते होते. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत दोन वर्षांत बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. पण परतफेडीचा विचार मागच्या दारानं आत येतोच. 'एक पिशवी हवी तर एक दाता आणा' असं नातेवाइकांना सांगितलं जातं. आधीच धावपळीत असलेला माणूस दाता आणणार कुठून? मग आवारात कुणीतरी भेटतो, पैसे घेतो आणि कागदावर 'भाऊ' होतो. अपेक्षा जोडली की खोटेपणा असा शिरतो.

'रक्तपेढी तरी रुग्णाकडून पैसे घेतेच की!' हेही नेहमी ऐकू येतं. घेते. ते एचआयव्ही, कावीळ, मलेरियाच्या चाचण्यांचे, पिशवीचे, साठवणीचे असतात. कुठे जास्त घेतले तर तिथे जरूर भांडावं. त्यामुळे दात्यानं दिलेलं रक्त विकाऊ ठरत नाही.

चौथं मत आपल्याच बाजूच्या लोकांचं आहे, म्हणून अधिक जपून खोडावं लागतं. 'चांगलं करा, फिरून तुमच्याकडेच येतं.' रोज सकाळी फुलांच्या चित्रासोबत मोबाइलवर येणारा हा निरोप प्रेमळ दिसतो. पण तो चांगुलपणाची मुदत ठेव करून टाकतो. मुदत संपली आणि व्याज आलं नाही, की माणूस म्हणतो, 'एवढं केलं, काय मिळालं?' आणि थांबतो. याची दुसरी बाजू तर क्रूरच आहे. चांगलं करणाऱ्याचं चांगलंच होत असेल, तर ज्याच्या मुलाला कॅन्सर झाला त्यानं काय केलं होतं? आवळा देऊन कोहळा काढायची ही भाविक पद्धत आहे. गाडगेबाबांनी परक्या गावांचे रस्ते झाडले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या आणि पाया पडायला आलेल्यांना हाकललं. वरचा हिशेब मनात ठेवून कुणी आयुष्यभर खराटा चालवत नाही.

आता आपली बाजू. थॅलेसेमियाचं मूल घ्या. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, बहुधा आयुष्यभर. तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तरी वर्षाला सतरा होतात. पुरुषाला तीन महिन्यांतून एकदा रक्त देता येतं, स्त्रीला चार महिन्यांतून. म्हणजे बाबांच्या चार आणि आईच्या तीन, मिळून सात. रक्तगटाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दहा पिशव्या कमी पडतात. या आईबापांनी परतफेड करायची म्हटली तरी करता येणार नाही, आणि त्या मुलाला तर कधीच नाही. घेतलं तेवढं द्या, हा नियम कितीही न्याय्य वाटला तरी तो पाळला तर हे मूल जगत नाही. ते जगतं ते हिशेब न ठेवणाऱ्या लोकांमुळे.

अशा जागा रुग्णालयाबाहेरही पदोपदी आहेत. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहतो, 'जरा सरका' म्हणतो आणि तिघं कुरकुरत का होईना सरकतात. त्याला ठाण्याला उतरायचंय की कल्याणला, हे कुणी विचारत नाही. उद्या तो यांच्यासाठी सरकणार नाही, कारण उद्या तो दुसऱ्याच डब्यात असेल. त्या वेळी यांच्यासाठी आणखी कुणी सरकेल, किंवा नाहीही सरकणार. त्याची हमी मागत बसलं, तर चौथी सीटच राहणार नाही.

हिशेब मुळीच नको, असं म्हणणं नाही. कामवाल्या मावशींचा पगार पूर्ण आणि वेळेवर द्यावा. सुट्टीचे पैसे कापून दिवाळीला जुनी साडी देणं हा लबाडीचा प्रकार आहे, त्याला दया म्हणू नये. जिथे कुणाचं देणं लागतो तिथे पै-पैचा हिशेब हवा. जिथे लागत नाही तिथे वही उघडूच नये.

आणि हे रोजचं असावं, सणासुदीचं नव्हे. नेत्याच्या वाढदिवसाला मंडप पडतात, एका दिवसात ढिगानं पिशव्या जमतात, फोटो निघतात. पण प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात आणि लाल पेशी फार तर ४२ दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात, शिबिरं रोडावतात आणि रक्तपेढ्या हवालदिल होतात. अपघात आणि बाळंतपणं सुट्टीवर जात नाहीत. चांगुलपणाला मुहूर्त लावला की तो असा ऐन वेळी कमी पडतो. म्हणून मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी, ऑफिसला जाता जाता, रक्तपेढीत अर्धा तास बसावं. तिथे फलक नसतो, फोटोग्राफर नसतो, कॉफी थोडी पाणचट असते. गरज मात्र त्याच दिवशी सगळ्यात जास्त असते.