शेताची हद्द आणि खिशांतील नकाशा

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमधून आपल्या पिकाची नोंद आपणच करावयाची, ही रीत आमच्या वाचकांच्या आतां अंगवळणीं पडली आहे. ही नोंद केवळ कागदी नव्हे. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्यांस हेक्टरीं ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, देण्याचें ठरलें तेव्हां प्रथम हीच नोंद पाहिली गेली. म्हणून शेत कोठें संपतें हें अशा ॲपांस नीट कळतें कीं नाहीं, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोंपवून आपण स्वस्थ बसणें बरें नव्हे.

उपग्रहांच्या संकेतांवरून मोबाईल अक्षांश व रेखांश हे आंकडे काढतो. त्यांवरून धनी आपल्या गटांत उभा आहे कीं शेजाऱ्याच्या, हें ठरविण्यास गटांच्या कडा सांठविलेली वही लागते, आणि ती वाचणारा हिशेबनीसहि लागतो. अँड्रॉइड फोनांत एसक्यूलाइट नांवाची वही मुळांतच असते. पण तिला नांवें व आंकडे कळतात, आकृति कळत नाहीं. स्पेशियालाइट हें त्या वहीस जोडावयाचें साधन. कोणता बिंदु कोणत्या आकृतींत पडतो, तुकड्याचें क्षेत्र किती, हें तें सांगतें. तें मोफत व सर्वांस खुलें आहे. गांवांत हजार गट असले तरी तें एकेक गट तपाशीत बसत नाहीं. प्रत्येक गटाभोंवतीं चौकोन कल्पावयाचा, चौकोनांचे गठ्ठे बांधावयाचे, आणि ज्या गठ्ठ्यांत आपण नाहीं तो सोडावयाचाच नाहीं, ही युक्ति अँटोनिन गटमन यांनीं १९८४ सालीं मांडली. तलाठ्याच्या दप्तरांत ज्यानें एखादा जुना कागद शोधला असेल, त्यास तिचें मोल निराळें सांगावयास नको.

शेतांत वापरावयाच्या प्रत्येक ॲपांत असें साधन असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. ओढ्याकांठच्या शेतांत रेंज नसते. नकाशा दूरच्या सर्व्हरवर राहिला तर शेतकऱ्यास रेंजसाठीं गांवाकडे यावें लागतें, आणि गांवांत आल्यावर तो शेतांत नसतो! यानें ॲपचें ओझें वाढतें, असा आक्षेप घेतात. तो खरा आहे. अँड्रॉइडची स्वतःची वही बाहेरचें साधन सहसा जोडूं देत नाहीं, त्यामुळें ॲपला आपली निराळी वही बरोबर आणावी लागते. स्वस्त फोनांत जागा थोडी. परंतु तालुक्याऐवजीं एकाच गांवाचा नकाशा दिला म्हणजे ही अडचण पुष्कळ कमी होते.

आमचें खरें भय निराळेंच आहे. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत ज्या मोजणीनें मूळ धरलें, तिच्या परंपरेंतील साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. मोकळ्या आकाशाखालींहि फोनची चूक सुमारें ५ मीटर, म्हणजे सोळा फूट, असूं शकते. साखळीचे जवळजवळ आठ आणे! झाडाखालीं ती आणखी वाढते, आणि बांध तर त्याहून अरुंद. शिवाय जुना कागदी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवितांना तो इकडेतिकडे सरकण्याचा संभव असतो. अशा स्थितींत ‘आपण आपल्या गटांत नाहीं’ असें बजावून यंत्रानें धन्यास परत पाठविलें, तर चूक यंत्राची आणि भरपाई बुडाली धन्याची, असें व्हावयाचें. अरुंद पट्टीच्या लहान खातेदारास ही झळ सर्वांत आधीं लागेल.

यावर उपाय त्याच साधनांत आहे. गटाभोंवतीं फोनच्या चुकीएवढी पट्टी धरावी, असें त्यास सांगतां येतें. मात्र ती मीटरांत धरावी, अंशांत नव्हे. १९ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारें १०५ किलोमीटर व अक्षांशाचा सुमारें १११ किलोमीटर भरतो, आणि अंशांतली पट्टी पूर्वपश्चिम आंखूड पडते. पट्टींत आलेली नोंद नाकारूं नये. ती संशयित म्हणून घ्यावी व गांवच्या महसूल अधिकाऱ्यानें जागेवर येऊन निकाल द्यावा. फोन किती मीटरांची चूक धरून चालला आहे, तेंहि शेतकऱ्यास पडद्यावर दिसलें पाहिजे.

येत्या हंगामांत आमच्या वाचकांनीं आपल्या शेताच्या चारी कोपऱ्यांवरील हद्दीच्या दगडांपाशीं उभें राहून फोन कोणता गट दाखवितो तें टिपून ठेवावें आणि ती टिपणें मंडळाकडे पाठवावीं.