पायऱ्यांचे सूर आणि मोटारींचा धूर

२००९ साली स्टॉकहोममधील ओडेनप्लान या भुयारी रेल्वे स्थानकात जिन्याच्या पायऱ्यांना पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे रूप देण्यात आले. पाऊल पडले की सूर उमटे. शेजारचा सरकता जिना सोडून नेहमीपेक्षा ६६ टक्के अधिक लोकांनी पायऱ्या पसंत केल्या, असा दावा प्रसिद्ध झाला. माणसाचे वर्तन खेळाने सुधारते, या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून आपले काही पुरोगामी मित्रही त्या जिन्याकडे बोट दाखवितात.

पण हा दावा कोणाचा? फोक्सवॅगन या मोटार कंपनीचा! तो जिना तिच्या जाहिरात-मोहिमेचा भाग होता. नागरिकांच्या पायांविषयी एवढी आस्था बाळगणाऱ्या या कंपनीने अमेरिकेत विकलेल्या डिझेल मोटारींत, तेही २००९ च्याच मॉडेलपासून, धुराची चाचणी फसविणारी यंत्रणा बसविली होती, हे २०१५ साली उघडकीस आले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ती असल्याची कबुली कंपनीलाच द्यावी लागली.

‘पैसा कंपनीचा, आनंद लोकांचा, यात बिघडले काय?’ असा प्रश्न येईल. ज्याचा पैसा त्याचा हेतू, आणि हेतू रचनेत उतरल्यावाचून राहत नाही. त्या जिन्यावर प्रत्येक जण आपापला सूर वाजवितो आणि टक्केवारीत जमा होतो. हवा बिघडवावी मोटारींनी, आणि सुधारावे पादचाऱ्याने! (माझ्यासारख्या गुडघे गेलेल्या माणसाने सरकत्या जिन्यावर उभे राहणे हा तर अपराधच ठरावा.)

खेळाशी आमचे वैर नाही. २०११ साली माँट्रियलमध्ये ‘डेली तू ले जूर’ या कलासंस्थेने भर रस्त्यालगत २१ झोपाळे टांगले. प्रत्येक झोक्याला सूर आहे. मात्र काही सुरावटी अनेकांनी एका लयीत झोके घेतल्याखेरीज उमटतच नाहीत. सूर हवा असेल तर शेजारच्या अनोळखी माणसाच्या झोक्याकडे पाहून आपला झोका आवरावा लागतो, नाहीतर वाढवावा लागतो. शरीर दोन्हीकडे हलते. स्टॉकहोमला ते मोजले गेले, माँट्रियलला ते दुसऱ्याशी जुळवावे लागते.

आपल्याकडेही महानगरपालिका उद्याने व चौक कंपन्यांना ‘दत्तक’ देतात. सभागृहातील आपल्या साथींनी अशा प्रत्येक कराराची प्रत मागवावी. खेळणी कोण ठरविणार, ती मोडल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार, आणि फाटक किती वाजता कोणासाठी बंद होणार, एवढे तरी त्यात लिहिलेले आहे काय, हे सभेत मोठ्याने विचारावे.