पाणी पाक, पण पिण्याजोगे?

रंग, वास, चव बदललेली नसली की घरच्या विहिरीच्या पाण्याने आपण निर्धास्तपणे वुजू करतो. तेच पाणी तान्ह्या बाळाला चालेल का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आम्ही शिक्षक वर्गात सांगतो तेच इथे सांगतो: पाण्यात विरघळलेले नायट्रेट दिसत नाही, त्याला वासही नसतो. शेतातला युरिया, गोठ्यातले शेण, शौचालयाचा शोषखड्डा यांतून ते झिरपत विहिरीत उतरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त झाले, तर ६ महिन्यांच्या आतल्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. ओठ, नखे निळसर पडतात.

घरोघरी अम्मी, दादी पाणी उकळतात. त्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडरही इथे उपयोगाची नाही.

म्हणून भगिनींनो, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत विहिरीचा नमुना द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ महिने वरचे पाणी लागतच नाही. डब्याचे दूध द्यावे लागत असेल, तर अहवाल येईपर्यंत ते या पाण्यात कालवू नका.