शिसे जड की सोने?

शिशाचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा जड असतो. सोन्याचा अणुवस्तुमानांक १९७, तर शिशाचा २०७. मात्र दोन्ही धातूंचे एकेक घन सेंटिमीटरचे तुकडे तराजूत टाकले, तर शिसे ११.३ ग्रॅम भरते आणि सोने १९.३ ग्रॅम. आवर्तसारणी तोंडपाठ असलेल्या दहावीच्या विद्यार्थ्याला हे कोडे घातले, तर तो अडखळण्याचाच संभव अधिक. दोष त्याचा नाही. अणू जड का आणि धातू जड का, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अणूच्या केंद्रकात आहे. तिथल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज म्हणजेच जवळजवळ अणूचे सगळे वजन. इलेक्ट्रॉन त्यात नगण्य. धनप्रभारित प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे त्यांची संख्या वाढली, की केंद्रक एकसंध राखायला न्यूट्रॉन अधिकाधिक लागतात. कॅल्शियमच्या नेहमीच्या अणूत २० प्रोटॉनना २० न्यूट्रॉन पुरतात. सोन्यात ७९ प्रोटॉनना ११८ लागतात, युरेनियम-२३८ मध्ये ९२ ना १४६.

या हिशेबाने खुद्द मेंडेलीव्हलाही चकवले होते. १८६९ साली त्याने गुणधर्म पाहून टेल्युरियम आधी आणि आयोडीन नंतर ठेवले; पण टेल्युरियमचे वजन जास्त भरत होते. मोजमापच चुकले असावे, असे त्याला वाटले. मोजमाप बरोबर होते. मूलद्रव्याचा क्रम वजनाने नव्हे, केंद्रकावरील प्रभाराने ठरतो, हे १९१३ मध्ये हेन्री मोजली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. दोनच वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. टेल्युरियममध्ये प्रोटॉन एक कमी असूनही न्यूट्रॉन जास्त असतात, हा उलगडा व्हायला १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधावा लागला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र केंद्रकाबाहेर, अणूंच्या शेजारधर्मात आहे. सोने आणि शिसे या दोघांच्या स्फटिकांत अणूंची रचना एकाच पद्धतीची असते. फरक अंतराचा. सोन्याचे अणू एकमेकांना घट्ट धरतात, शिशाचे सैल. म्हणून तर शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि सोन्याला १०६४ अंश लागतात. सोन्यात दोन शेजारी अणूंच्या केंद्रांमधले अंतर २८८ पिकोमीटर, शिशात ३५०. हा फरक लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी पडतो आणि तेवढ्याच जागेत सोन्याचे जवळपास पावणेदोन पट अधिक अणू बसतात. सर्वांत घन मूलद्रव्य ऑस्मियम. त्याचा अणू सोन्याच्या अणूहूनही हलका आहे.

याला व्यवहारातही मोल आहे. टंगस्टनचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा हलका, पण घनता जवळजवळ सोन्याइतकीच. त्यामुळे सोन्याच्या विटेच्या पोटात टंगस्टन भरले, तर पाण्यात बुडवून वजन करण्याची आर्किमिडीजची कसोटीही ते पकडू शकत नाही.

हे शिकवायला सोन्याची गरज नाही. अॅल्युमिनिअम, लोखंड आणि शिसे यांचे तुकडे, एक तराजू आणि पाण्याचे मोजपात्र पुरेसे आहे. मुलांनी घनता स्वतः काढावी आणि आवर्तसारणीशी ताडून पाहावी. शिशाचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा पावणेचार पट जड, पण तेवढ्याच आकाराचा तुकडा दीडपटही जड नाही, हे त्यांच्याच आकड्यांतून दिसेल. मग ‘असे का?’ हा प्रश्न वर्गातूनच येईल. त्या प्रश्नासाठी एक तास राखून ठेवावा आणि परीक्षेतही तोच विचारावा. अणुवस्तुमानांक पाठ करून घेण्यात आज जो वेळ जातो, त्यातून हा तास सहज निघेल.