बोट दाखवू नका, बोला!

कॉम्प्युटरला माऊस जोडल्यापासून माणसं मुकी झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. मजकूर खोडायचाय? बाण दाखवा. हलवायचाय? धरून ओढा. परमुलखातल्या हॉटेलात भाषा न येणारा पाहुणा शेजारच्या ताटाकडे बोट करून 'ते, ते!' म्हणतो, तसं आपलं दिवसभर चाललेलं असतं. पोट भरतं, नाही असं नाही. पण ह्याला काही बोलणं म्हणत नाहीत.

आणि गंमत म्हणजे, ज्यांना बोलता येतं त्यांनाच ही मंडळी हसतात. नुसत्या कीबोर्डावर चालणारा 'व्हिम' हा एडिटर वापरणारा कुणी दिसला, की ठरलेला विनोद : "त्यातून बाहेर कसं पडायचं हो?" अहो, आधी एस्केप, मग कोलन, क्यू आणि एंटर. केलेले बदल टाकून पळायचं असेल, तर क्यूपुढे एक उद्गारचिन्ह. अभिमन्यूला एवढं सोपं नव्हतं!

ह्या घराण्याचा मूळपुरुष 'व्हीआय'. बर्कलीच्या बिल जॉय यांनी तो १९७६ च्या सुमारास लिहिला. त्यांच्या टर्मिनलला माऊस नव्हताच. बाण होते ते एच, जे, के, एल ह्या अक्षरांवर छापलेले. त्याच वळणाचा व्हिम ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे आणला.

ह्यात वेळ वाचतो, असं त्याचे भक्त सांगतात. मला ते पटत नाही. वाक्य सुचायलाच जिथे माझा अर्धा तास जातो, तिथे खोडण्यातले दोन सेकंद वाचवून मी करू काय? खरं सुख आहे ते व्याकरणात. 'डी' म्हणजे खोड, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. 'डी डब्ल्यू' : शब्द खोड. मध्ये ३ घाला, तीन शब्द गेले. 'डी'च्या जागी 'सी' घाला, खोडून नवं लिहा. क्रियापद आलं, संख्या आली, कर्म आलं. झालं की वाक्य! दहा क्रियापदं आणि दहा नामं शिका, शंभर वाक्यं न घोकता येतात.

"पण शिकायला अवघड!" असेना. पेटीही अवघडच असते. म्हणून तिला 'भूप वाजव' असं बटण बसवा, असं कुणी म्हणत नाही. पहिल्या दिवशी सोपी असलेली वस्तू हजाराव्या दिवशीही तेवढीच सोपी राहते, आणि आपणही तेवढेच राहतो. हात दिवसेंदिवस शहाणा होत जाण्याचं सुख सोयीच्या दुकानात मिळत नाही.

उंदीर गणपतीचं वाहन. त्याचा मान ठेवूच. पण महाभारत लिहायची वेळ आली, तेव्हा गणपती स्वतः बसला होता. उंदराला नव्हतं बसवलं.