उजेड हवाच, पण रस्त्यावर!

परवा शेजारच्या काकूंकडे बाळ बघायला गेले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. खोलीत शिरले तर खिडकीला चक्क गोधडी टांगलेली! एवढ्या उकाड्यात? काकू म्हणाल्या, "काय करू गं, समोरच्या खांबावर नवा दिवा लागलाय. रात्रभर तोंडावर उजेड. पोर डोळा मिटत नाही आणि तिची आईही जागीच."

आणि हे कुठे, तर हिरकणीवाडीत! तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोष्टीतली ती रात्र कोजागिरीची. गेल्या कोजागिरीला दूध आटवून आम्ही अंगणात बसलो, तर चांदणं दिव्याच्या झोतात कुठल्या कुठे हरवलेलं!

मैत्रिणींनो, गैरसमज नको. मला अंधार नकोय. शेवटच्या एसटीने येणारी मुलगी, पावसाळ्यात पायाखाली येणारं जनावर, हे सगळं मी पाहिलंय. रस्त्यावर दिवे यावेत म्हणून बायकांना घेऊन मीच अर्ज केलेत. म्हणणं एवढंच, की उजेड रस्त्यावर पडावा, आमच्या अंथरुणात नको. शिवाय डोळ्यांत घुसणाऱ्या झगझगीत दिव्यामागे उभा असलेला माणूस दिसतच नाही. मग त्या उजेडाचा आधार तरी कसला?

शरीराला झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन अंधार पडला की तयार होतं. पांढऱ्याशुभ्र एलईडीतल्या निळसर प्रकाशाने ते कमी होतं. पावसाच्या तोंडावर चमकणारे काजवे आपल्या उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधतात. खांबाच्या झोतात ती खूण दिसणार कशी? भाताचे काही वाण तर रात्र मोठी झाल्याशिवाय फुलोऱ्यावर येत नाहीत. दिव्याखालचं असं भात उशिरा निसवतं.

यावर उपाय नाही असं थोडंच आहे? नागपूरकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी जवळच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली उजेड पाडणारे दिवे लावले. गावं काही अंधारात गेली नाहीत!

२०२१ च्या शिवजयंतीला रायगडावरच्या रंगीत रोषणाईवर संभाजीराजे छत्रपतींनी टीका केली, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. पण गल्लीतल्या, वाडीतल्या खांबाबद्दल कोण बोलणार? आपणच बोलायला हवं. गावातल्या दिव्यांचं काम ग्रामपंचायतीचं आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. तिथे बचत गटाच्या हिशोबाबरोबर हाही विषय काढू या. मागणी सोपी आहे. दिव्याला वरून टोपी हवी, तोंड सरळ खाली हवं, प्रकाश पिवळसर आणि गरजेपुरता हवा. नवे दिवे घेतानाच हे सांगितलं, तर पुन्हा बदलायचा खर्चही वाचेल.

काकूंना म्हटलं, अर्जावर पहिली सही तुमची. त्या हसल्या. "माझी कशाला? बाळाचा अंगठा घे की!"

सही काकूंचीच घेतली. आता तुमच्या खिडकीवरची गोधडी कधी उतरवताय?