वासराविना वसुबारस

वसुबारशीला आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाने पुठ्ठ्याची गाय-वासराची जोडी उभी केली, बायकांनी ओवाळलं, फोटो निघाले आणि लगेच बुफेत बासुंदी. ज्या दिवशी आपल्या आज्या गहू, मूग आणि दूधदुभतं बाजूला ठेवून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खायच्या, नेमक्या त्याच दिवशी. कॉलेजातल्या एका मुलीने ग्रुपवर एवढंच विचारलं, की बिनदुधाचं एखादं गोड ठेवता आलं नसतं का? त्यावर जे मोहोळ उठलं ते अजून शमलेलं नाही. 'आपण मुळातच शाकाहारी, आपल्याला ही अमेरिकन फॅडं कशाला?' इथून सुरुवात होऊन गाडी 'आमच्या खाण्याच्या स्वातंत्र्या'वर गेली. एका काकांनी देशी गायीच्या ए-टू तुपाची लिंक टाकली.

अमेरिकन फॅड म्हणे! न्यू जर्सीतल्याच एडिसनहून दक्षिणेला दीडेक तासावर मलागा नावाचं गाव आहे. तिथे 1960 साली जे दिनशाह यांनी अमेरिकन व्हीगन सोसायटी काढली. वडील दिनशाह घडियाली, मुंबईचे पारशी. (रंगीत उजेडाने रोग बरे करण्याचा त्यांचा धंदा होता आणि त्यापायी 1947 साली ते कोर्टात दोषी ठरले. त्यांची वकिली मला करायची नाही.) पण घर शाकाहारी. मुलगा जन्मापासून शाकाहारी, दुधावर वाढलेला. म्हणजे 'मुळातच शाकाहारी' हे बिरूद त्यालाही आयतंच मिळालं होतं आणि ते मिरवत जन्म काढायला त्याला कोणाची आडकाठी नव्हती.

तो 1957 साली फिलाडेल्फियातला कत्तलखाना बघायला गेला. मांस खातच नव्हता, मग त्याचा काय संबंध? आपण हेच म्हणतो आणि घरी बसतो. तो गेला, बघून आला आणि पुढचा प्रश्न त्याने स्वतःच्या ताटाला विचारला. दूध सुटलं, चामडं सुटलं. पुढे सोसायटीचं मासिक काढलं त्याचं नाव ठेवलं 'अहिंसा'. मुंबईच्या माणसाच्या पोराने हा शब्द जर्सीच्या शेतांमध्ये राबवून दाखवला. आपण तो भाषणापुरता ठेवला आणि भाषण संपलं की पनीर टिक्का.

आता पुठ्ठ्याच्या वासराकडे वळू. पूजा सवत्स धेनूची, वासरासकट गायीची. इथल्या मोठ्या डेअरीत वासरू बहुधा पहिल्याच दिवशी आईपासून तोडतात. कालवड असेल तर बाटलीवर वाढवून पुढे गोठ्यात, गोऱ्हा असेल तर मांसाच्या धंद्यात. गाय वर्षाला सरासरी दहा हजार किलोंच्या वर दूध देते, त्यासाठी तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवतात आणि वीस वर्षं जगू शकणारं जनावर पाचेक वर्षांत 'काढून टाकतात'. काढून कुठे टाकतात? हॅम्बर्गरमध्ये. आपण पनीर खातो, शेजारचा जॉन बर्गर खातो, गाय तीच. एवढं असून सोवळं आपलंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे आणखी काय असतं?

स्वातंत्र्याचं म्हणाल, तर दिनशाहने 'अहिंसा' या शब्दाच्या सहा इंग्रजी अक्षरांवर आपली सहा तत्त्वं बसवली होती. त्यातलं 'एम'चं तत्त्व स्वतःवर ताबा मिळवण्याचं. या देशात स्वातंत्र्य म्हणजे रात्री दोन वाजता गाडीतून न उतरता मिल्कशेक मिळणं. ते स्वातंत्र्य आपल्या लोकांनी विमानतळावरच उचललं. जिभेला नाही म्हणता येणं हेही स्वातंत्र्यच, हे पिढ्यान् पिढ्या एकादशा करणाऱ्यांना कळायला हवं होतं. पण साबुदाणा वड्यांनी त्याही वाटेची खाऊगल्ली केलीय.

महाराष्ट्रात 2015 पासून बैलही कापता येत नाही, तेव्हा तिथलं दूध तरी निष्पाप, असंही कोणी सुनावू नये. संकरित गायीचा गोऱ्हा औताला नीट चालत नाही आणि कायद्यामुळे त्याला गिऱ्हाईकही मिळत नाही. त्याचं काय होतं ते नगर-सोलापूरकडच्या कोणत्याही दूधवाल्या शेतकऱ्याला विचारा. आणि विचारताना त्याच्यावर डाफरू नका. दूध आपण मागतो, गोऱ्हा त्याच्या दारात उभा राहतो.

राहिला बी-12. दूध सोडलं तर त्याची गोळी घ्यावी लागते, हे खरं. ग्रुपातल्या बऱ्याच काकांच्या डबीत कोलेस्टेरॉलची गोळी असतेच, तिच्याशेजारी आणखी एक मावेल.